व्हॉल्व कुणाच्या हातात

स्प्रिंगांवर

“दाखवा की खुशाल,” हुपरीकर म्हणाले. “फक्त हात कुणी लावायचा नाही.”

ते चष्मा पुसत बसले. पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

“अरे हो. तुमची मुलं...”

“हो,” मी म्हणाले. “आमची मुलं हातानंच बघतात.”

आमच्या दोघांच्या मधे स्टुलावर एक लाकडी पेटी होती, झाकण उघडं असलेली. पेटीच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून स्प्रिंगा आत आल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध, कशालाही न टेकता, तो टांगलेला होता. रेडिओ केंद्राच्या ट्रान्समीटरचा व्हॉल्व. जुन्या रेडिओत अंगठ्याएवढे व्हॉल्व असायचे, त्यांचा हा आजोबा. नारळाहून मोठं काचेचं पोट, खाली पितळी बूड, बुडातून निघालेल्या पिना, डोक्यावर धातूची टोपी. पोटात काळपट पत्र्याचं नळकांडं आणि वाकून फटीतून बघितलं तर दिसणारी एक तार.

हुपरीकरांनी सगळी नोकरी त्या ट्रान्समीटरवर काढली होती. यंत्र मोडीत निघालं तेव्हा बाकीचे व्हॉल्व भंगारात गेले, हा एवढा त्यांनी रीतसर परवानगी काढून तासगावला घरी आणला. आता ते मुलाकडे नाशिकला राहायला जाणार होते. पुण्याच्या एका कॉलेजचा माणूस शनिवारी येऊन पेटी नेणार होता, तिथल्या संग्रहालयात ठेवायला.

“चालू आहे म्हणून घेतायत ते,” हुपरीकर म्हणाले. “मेलेले व्हॉल्व त्यांच्याकडे ढीगभर पडलेत. हा जिवंत आहे.”

मी अंधशाळेत सातवीला ‘ध्वनी’ शिकवत होते. रेडिओतला आवाज कुठून येतो याचं उत्तर म्हणून पुस्तकात एक चित्र होतं. चित्र आमच्या काय कामाचं.

“मी शब्द देते,” मी म्हणाले. “जसा नेला तसा परत आणून देईन.”

“शब्दानं काच सांधत नाही, बाई.” त्यांनी झाकण लावलं. कडी लावली. मग पेटीवर हात ठेवला. “मीच येतो बरोबर. माझ्या डोळ्यांदेखत काय व्हायचं ते होऊ दे.”

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. मला ती सलग आठवत नाही. तो व्हॉल्व त्या त्या वेळी कुणापाशी होता, तेवढं आठवतं. बाकीचं त्याच्यामागून येतं.


हुपरीकरांच्या मांडीवर

रिक्षात. रस्ता द्राक्षबागांतून जाणारा, म्हणजे ट्रॅक्टरांनी खाल्लेला.

“गाडीत बाळंतीण आहे असं समजून चालव,” हुपरीकर रिक्षावाल्याला म्हणाले.

रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं. मी पदर सारखा केला आणि बाहेर बघत बसले.


अजून पेटीतच

आमचे मुख्याध्यापक चौगुले सर शाळेच्या दारातच उभे होते. त्यांनी हुपरीकरांना नमस्कार केला, पेटीला जरा लांबून नमस्कार केला आणि मला बाजूला घेतलं.

“मुलाणी बाई, नोकरीचं दुसरंच वर्ष ना तुमचं?”

“हो सर.”

“त्या माणसाचा हा जीव की प्राण आहे. उद्या फुटला, तर या शाळेला परत कुणी साधी वाटीसुद्धा वापरायला देणार नाही. मी ऑफिसात बसतो. फुटला की बोलवा.”

“फुटला तर, सर.”

“तर,” ते म्हणाले आणि गेले.

वर्गात मी सकाळीच तयारी करून ठेवली होती. बाकं भिंतीला. जमिनीवर वसतिगृहातल्या गाद्या. मुलं गोल करून बसलेली, मांडीला मांडी चिकटवून, मधे फट नाही. सगळ्यांच्या मांड्यांवरून चादरी पसरून त्यांची टोकं गुडघ्यांखाली दाबलेली, म्हणजे काही निसटलंच तर झोळीत पडावं. सगळ्यांनी साबणानं हात धुतलेले. घड्याळं, कडी, राख्यांचे उरलेले दोरे, सगळं काढलेलं.

हुपरीकरांनी ते सगळं निरखून बघितलं. गाद्या चाचपल्या. नाही म्हणायला एवढंच काढलं, “मोजे आणलेत मी. पांढरे. हातात घालायचे.”

“कशाला, आजोबा?” दत्तूनं विचारलं. दत्तू म्हणजे वर्गातला तोंडाळ मुलगा.

“बोटांचा घाम काचेला लागतो. मग काच तापली की बरोबर तिथंच तडकते.”

“मोजं घातल्यावर आमाला दिसणार कसं? ह्ये म्हंजे डोळ्याला फडकं बांधून शिनिमाला नेल्यागत झालं की.”

मुलं हसली. हुपरीकर हसले नाहीत, पण त्यांनी मोजे परत पिशवीत टाकले. “तापवायचा तर नाहीच आहे आता,” ते स्वतःशी म्हणाले. “नंतर स्पिरिटनं पुसून घेऊ.”

आणि मग मी त्यांना आमची रीत सांगितली. रीत मी काढलेली नाही. ती स्वयंपाकघरातली. पंगतीत गरम आमटीचं भांडं एकाकडून दुसऱ्याकडे जातं. देणारा विचारतो, ‘घेतलं?’ घेणाऱ्याची पकड बसली की तो म्हणतो, ‘घेतलं.’ तो शब्द ऐकू आल्याशिवाय देणारा सोडत नाही, हात भाजला तरी. आमच्या शाळेत कुणी कुणाच्या अंगावर आमटी सांडलेली मी बघितली नाही. सांडली ती मीच, पहिल्या महिन्यात, कारण मी ‘घेतलं’ म्हणण्याऐवजी मान हलवली होती.

“बाईंनी मान हलवली,” भामा तेव्हा म्हणाली होती. “आमाला वारं लागलं फकस्त.”

भामा आवळे. तिला ओळखून असा. ती वर्गाची मॉनिटर होती, आणि तिला कुणी नेमलेलं नव्हतं.


आधी बारके

हुपरीकरांनी थोरल्याला लगेच काढलं नाही. पिशवीतून त्यांनी रेडिओतले छोटे व्हॉल्व काढले, मूठभर, आणि एक खेळणं. खेळणं म्हणजे एक बॅटरी, एक बझर आणि चिमटे लावलेल्या दोन वायरी.

“व्हॉल्वच्या पोटात तार असते,” ते म्हणाले. “तार शाबूत, तर वीज या पिनेतून जाते आणि त्या पिनेतून येते. आली की हा ओरडतो. तार तुटली की गप्प. ओरडला तो जिवंत, गप्प तो मेला. कळलं?”

“कळलं,” सगळे म्हणाले.

त्यांनी एकाला चिमटे लावले. ट्रर्रर्र. मुलं अशी खूश झाली की जणू फटाका वाजला. दुसऱ्याला लावले. गप्प.

“मेला,” शकू हळहळून म्हणाली. ही सगळ्यांत लहानखुरी, सगळ्यांत कमी बोलणारी.

“कशानं मेला?” तिनंच विचारलं.

“म्हातारपणानं. नाहीतर कुणीतरी आपटला असेल.”

थोड्या वेळात मुलं न विचारता एकमेकांच्या हातातले व्हॉल्व तपासायला लागली. वर्गात बझर आणि सुस्कारे, बझर आणि सुस्कारे. मग दत्तू म्हणाला, “आता थोरल्याला लावा की, आजोबा.”

“त्याला नको.”

“का?”

“त्याची मला खात्री आहे,” हुपरीकर म्हणाले आणि पेटीची कडी काढायला वाकले.


दत्तूच्या हातात

“घेतलं?”

“घेतलं. आयला, जड हाय.”

“दत्तू.”

“चुकलं, बाई. पर जड हाय. खाली जड, वर गुळगुळीत.” तो दोन्ही तळव्यांनी काचेवरून वर वर गेला, टोपीपाशी थांबला. “बाई, बोलू का?”

“बोल.”

“ह्ये म्हंजे चौगुले सरच.”

सगळा गोल हसायला लागला. चादरी हलल्या. हुपरीकरांनी दोन्ही हात पुढे केले. मांजर कठड्यावरून चालताना बघावं तसे ते वाकून बसले होते. मी ‘हसायचं नाही’ म्हणणार होते, पण मलाच हसू येत होतं.

“टिचकी मारू का, आजोबा?”

“नको.”

टिण्. मारून झाली होती.

हुपरीकरांनी डोळे मिटले. उघडले. दत्तू कान लावून ऐकत होता.

“आत पोकळ हाय,” तो म्हणाला. “हवा?”

“हवापण नाही,” हुपरीकर म्हणाले. “हवा काढून घेतलेली असते. आत काहीच नाही.”

“काहीच न्हाई म्हंजे किती?”

हे त्यांना कधी कुणी विचारलं नसावं. “तुझ्याभोवती आत्ता जेवढं आहे ना,” ते म्हणाले, “ते सगळं गेलं, आवाजसुद्धा गेला, तर जे उरेल तेवढं.”

दत्तूनं व्हॉल्व जरा छातीशी घेतला. “पुढं देतो,” तो म्हणाला.


मधल्या हातांत

घेतलं? घेतलं. गार हाय. घेतलं? घेतलं. पिना मोजल्या, बाई. दोन जाड, दोन बारीक. घेतलं? थांब. थांब की जरा. आता घेतलं. टोपीला भोक हाय. घेतलं? घेतलं. ह्याला वास येतो. कसला? दुकानातला. घेतलं?

घेतलं.


शकूच्या हातात

ती व्हॉल्व मांडीवर आडवा घेऊन दोन्ही हात त्याच्यावर ठेवून बसली. मी गोलाच्या बाहेरून तिच्या पाठीमागे गुडघ्यावर उभी होते, हात तिच्या हातांखाली वीतभर अंतरावर, न लावता. सगळा वेळ मी हेच करत होते, एका पाठीमागून दुसऱ्या पाठीमागे सरकत.

“यातनं काय जायचं?” तिनं विचारलं.

“आवाज यायचा तो मुंगीएवढा,” हुपरीकर म्हणाले. ते आता गादीच्या कडेवर बसले होते. “हा त्याला हत्ती करायचा. मग तो हत्ती मनोऱ्यावर चढायचा आणि तिथून सगळ्या जिल्ह्यात.”

“रोज?”

“पहाटे मी कळ दाबायचो. हा आधी लाल व्हायचा, मग नारिंगी. मग अंगातून गरम वाफ आल्यासारखं व्हायचं, जवळ उभं राहवायचं नाही. मग सनई.”

“सनईच्या आधी ह्यो?”

“सनईच्या आधी हा.”

पलीकडून भामा म्हणाली, “आमच्या गावाला पण ऐकू यायचं?”

“कुठलं गाव?”

“सावर्डे.”

“मग यायचंच. स्वच्छ यायचं.”

“आमच्या आईचा रेडिओ चुलीपाशी असायचा,” भामा म्हणाली. “पहाटे लागायचा.” तिनं मान शकूकडे वळवली. “म्हंजे ह्याला आम्ही ऐकलाय.”

हुपरीकर तिच्याकडे बघत राहिले. इतका वेळ ते व्हॉल्वकडे बघत होते. कुणाच्या तोंडाकडे त्यांनी बघितलेलं मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.


भामाच्या हातात

“घेतलं?” शकूनं विचारलं.

“घेतलं,” भामा म्हणाली.

तिनं तो उभा धरला. घाई केली नाही. बूड डाव्या तळव्यावर, उजवा हात काचेच्या गळ्याशी. कान लावला. मग गालाला लावला. लहान बाळाला ताप आहे का बघतात तसा.

गोल संपला होता. तिच्या शेजारची जागा हुपरीकरांची.

“आता इकडे दे,” ते म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केले.


दोघांच्या हातात

“घेतलं?” भामानं विचारलं.

हुपरीकरांनी व्हॉल्वला दोन्ही हात लावले आणि मान हलवली.

भामा थांबली.

“घेतलं?”

त्यांनी परत मान हलवली, जरा जोरात. ज्यांना दिसतं त्या आपल्याला ही सवय किती घट्ट असते हे मला माहीत होतं. मी तोंड उघडलं.

“अगं सोड,” ते म्हणाले.

“सोड म्हंजे घेतलं न्हवं,” भामा म्हणाली.

“माझा आहे तो. सोड.”

“तुमचाच हाय. पर शब्द?”

आणि त्यांनी ओढला.

भामानं सोडला नाही. तिला सोडता येतच नव्हता, तिच्या हातांना ते शिकवलेलं नव्हतं. एक हिसका बसला. आणि व्हॉल्वच्या आतून कुठूनतरी आवाज आला.

टिंग.

दत्तूच्या टिचकीसारखा नाही. आतला. पैंजणातला एक घुंगरू सुटून आत पडावं तसा.


भामाच्याच हातात

हुपरीकरांचे हात आपोआप सुटले होते. त्या आवाजानं. त्यांनी ओढला होता आणि त्यांनीच सोडला होता, आणि तरी तो खाली पडला नाही, कारण भामाची पकड होती तशीच होती.

मुलांचे कान व्हॉल्वकडे वळले होते. त्यांनी तो आवाज माझ्याआधी ऐकला होता आणि माझ्याहून चांगला.

“आत वाजलं,” शकू म्हणाली.

“तार,” दत्तू म्हणाला. एवढंच.

भामाच्या तोंडावरचा रंग गेला. “बाई, मी ओढलं न्हाई,” ती म्हणाली.

“माहीत आहे मला. तू नाही ओढलंस.”

“मी धरून हाय. अजून धरून हाय.”

“धरून राहा. तशीच.”

हुपरीकर दोन्ही हात मांडीवर उलटे टाकून बसले होते. आता ते ओरडतील असं मला वाटलं. चौगुले सर मला आठवले, शनिवार आठवला, मी दिलेला शब्द आठवला, आणि एकाएकी हे सगळं फार बारीक वाटायला लागलं, कारण ते ओरडत नव्हते. ते पुटपुटत होते. मी जवळ सरकले.

“गेला असणार,” ते म्हणत होते. “आधीच गेला असणार.”

“काय म्हणालात?”

“काही नाही.”

“आजोबा,” दत्तू म्हणाला, “त्ये ओरडायचं लावा की. कळंल.”

हुपरीकरांनी बझरकडे बघितलं. तो त्यांच्या गुडघ्यापाशीच होता. त्यांनी उचलला नाही.

“नको,” ते म्हणाले. “पेटीत ठेवा. राहू द्या.”

“पर कळाय नको?” दत्तू म्हणाला.

“मला नको आहे कळायला.”

हे त्यांनी मुलांना सांगितलं. मला नाही. मोठ्या माणसांना ते सांगता आलं नसतं, असं मला आज वाटतं.

“मग भामीवर राहील की ते,” शकू म्हणाली. दिवसभरात इतकं लांब वाक्य ती बोलली नव्हती. “जल्मभर राहील. हिनं मोडला म्हणून.”

बाहेर नळावर कुणीतरी घागर भरत होतं.

हुपरीकरांनी भामाकडे बघितलं. मग बझर उचलला आणि माझ्या हातात दिला. देताना चिमटे एकमेकांवर आपटून एकदा उगाच ट्रर्र झालं आणि आम्ही सगळेच दचकलो.

“माझ्यानं होणार नाही,” ते म्हणाले. “तुम्ही लावा. जाड दोन पिनांना.”


भामाच्या हातात, आडवा

“जाड दोन ह्या,” भामा म्हणाली. तिनं बोटांनी मला दाखवल्या. तिचं बोट एका पिनेवर, मग दुसऱ्या. माझा चिमटा तिच्या बोटाच्या मागोमाग.

पहिला चिमटा लावला.

दुसरा लावला.

गप्प.

मी दाबून धरला. गप्प. दुसऱ्या कुशीनं लावला. गप्प. बझरची वायर निसटली का बघितली, नव्हती निसटली.

“मेला,” कुणीतरी हळूच म्हणालं, आणि कुणीतरी त्याला कोपरानं ढोसलं.

भामाची पकड तशीच होती. व्हॉल्व हलत नव्हता.

“किती वर्षं लावला नव्हता?” मी विचारलं. मी हे का विचारलं मला माहीत नाही. काहीतरी बोलायचं म्हणून.

“घरी आणल्यापासून,” हुपरीकर म्हणाले. “कधीच नाही.”

“एकदाही?”

“एकदाही.”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजर चुकवली.

“पिना काळ्या लागत्यात,” भामा म्हणाली. “खरखरीत. बारक्यांच्या गुळगुळीत हुत्या.”

हुपरीकरांची मान वर आली. “खरवडा,” ते म्हणाले. “बाई, पिना खरवडा. इतक्या वर्षांचा गंज आहे तो. त्याच्यातून वीज कशी जाईल.”

मी पदराची सेफ्टीपिन काढली. पदर सुटला, तो खांद्यावरून तोंडात धरला आणि खरवडायला लागले. भामानं व्हॉल्व माझ्याकडे कलता केला. खर, खर, खर. सगळा वर्ग त्या खरखरीकडे कान लावून बसला होता. काळ्याखालून पितळ पिवळं दिसायला लागलं. एका पिनेचं, मग दुसऱ्या.

पहिला चिमटा.

दुसरा...

ट्रर्रर्रर्रर्रर्रर्रर्रर्र.


अजून भामाच्या हातात, अजून वाजतोय

मी चिमटा काढला नाही. कुणी काढा म्हणालं नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, हात चादरीखाली ठेवायचे असं मी सांगितलं होतं. ती नुसती हसत होती, सगळी, एका वेळी, वर तोंड करून.

दार उघडलं. चौगुले सर.

“मधल्या सुट्टीची बेल कुणी दिली?”

“बेल न्हवं, सर,” दत्तू म्हणाला. “तुमच्यासारखा एक हाय, त्यो जिवंत निघाला.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडात पदर होता, मला उत्तर देता येत नव्हतं. त्यांनी एकदा व्हॉल्वकडे बघितलं, एकदा छताकडे, आणि दार हलकेच लावून घेतलं.

हुपरीकर हसत होते की काय, मला पहिल्यांदा कळलं नाही. खांदे हलत होते. चष्मा काढून ते बाहीनं डोळे पुसत होते, आणि तरी हसत होते.

मी चिमटा काढला. शांतता झाली.

“मग वाजलं काय, आजोबा?” भामानं विचारलं. ती अजून व्हॉल्व सोडायला तयार नव्हती.

त्यांनी तिच्या हातातल्या व्हॉल्वचं बूड चाचपलं. काच आणि पितळ जिथं जुळतं तिथं बोट फिरवलं. हलकेच ढकलून बघितलं. टिंग.

“हे. बूड चिकटवलेली लाख सुकलीय. काच बुडात सैल झालीय, बुडाची कडी वाजते. आत काही नाही. लाखेचे दोन थेंब घातले की बसेल.”

“म्हंजे मी न्हाई मोडला.”

“तू नाही. तू होतीस म्हणून राहिला. मी सोडला होता.”

भामानं मान हलवली. मग तिच्या लक्षात आलं आणि ती म्हणाली, “बरं.”

“आजोबा, पर तुम्ही तर म्हणला, खात्री हाय,” दत्तू म्हणाला.

“म्हणालो.”

“न्हवती?”

“नव्हती.”

“मग लावून का न्हाई बघितलं?”

हुपरीकरांनी चष्मा घातला. “लावला आणि वाजलाच नसता तर?” ते म्हणाले. “न लावता तो निदान चालू तरी होता.”

मुलांनी यावर विचार केला. मीही केला. त्यांनी पुण्याच्या लोकांना जिवंत म्हणून सांगितलं होतं, न बघता. शनिवारी तिथं पोचल्यावर पहिल्यांदा तेच कुणीतरी तपासलं असतं, चार माणसांसमोर. आठवडाभर त्यांनी घरात कुणाला सुखानं राहू दिलं नाही, असं पुढे त्यांना न्यायला आलेल्या सूनबाईंनी मला सांगितलं. मला वाटत होतं की ते आमच्या मुलांना घाबरून वर्गात आले आहेत.

“परत वाजवू का?” शकूनं विचारलं.

“वाजव.”

“मी पण,” दत्तू म्हणाला. “मी पण,” पलीकडून. “मी पण.”

“एकेकानं,” भामा म्हणाली. “शब्द घेऊन.”


हुपरीकरांच्या हातात, भाकरी

ते उठले. गुडघे धरून, भिंतीला टेकून.

“पेटीत ठेवू का आता?” मी विचारलं.

“राहू द्या त्यांच्यापाशी. वाजवू द्या.” ते दाराशी गेले. “बाई, इथं खायला काही मिळेल का?”

मी तिथंच थांबायला हवं होतं, मुलांपाशी. तशी मी थांबलेही क्षणभर. भामा म्हणाली, “जावा की, बाई. आम्ही काय पळून जातोय व्हय.”

मी गेले.

स्वयंपाकघर वर्गाच्या मागच्या बाजूला, मधे फक्त एक बोळ. हौसाबाई आमच्या स्वयंपाकीण, त्या दुपारच्या भाकरी थापत होत्या. पाहुणे बघून त्यांनी पाट सरकवला. हुपरीकर पाटावर बसले, मांडी घातली, आणि तव्यावरून आलेली पहिली भाकरी त्यांनी निवायचीही वाट न बघता मोडली. चटका बसला असणार. बोटं झाडली आणि परत मोडली.

“आमटी तिखट हाय हं,” हौसाबाई म्हणाल्या. “पोरांना लागती तशी.”

“असू द्या.”

बोळातून बझर ऐकू आला. ट्रर्र. मग मुलांचं हसू. मग ‘घेतलं?’, मग ‘अगं घेतलं म्हटलं की’, मग परत ट्रर्र.

पहिल्यांदा बझर वाजला तेव्हा त्यांचा घास तोंडाशी थांबला. दुसऱ्यांदाही जरा थांबला. तिसऱ्यांदा ते हौसाबाईंना विचारत होते, “कांदा आहे का हो?”

त्यांनी कांदा बुक्कीनं फोडला. नाक वाहत होतं, आमटीनं की कशानं कोण जाणे. मी दारात उभी राहून बघत होते, पदर अजून नीट लावलेला नव्हता, सेफ्टीपिन वर्गातच राहिली होती.

“काल रात्रीपासून काही गेलं नव्हतं,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “गिळलंच जात नव्हतं.”

“मग जेवा सावकाश,” मी म्हणाले.

वर्गात काहीतरी धप्प झालं. गादीवर कुणी तरी लोळलं असावं, किंवा बाक सरकलं असावं. मी वळले, अर्धी बोळात गेले.

“बाई,” हुपरीकर म्हणाले, तोंडात घास असताना. “बसा की. कुठं निघालात?”

ट्रर्र, पलीकडून.

मी येऊन बसले. हौसाबाईंनी माझ्यापुढे ताट ठेवलं आणि हुपरीकरांच्या ताटात दुसरी भाकरी वाढली.